पॅनवर निघालेलं खोटं कर्ज मी कसं काढून टाकलं

मी कधीच न घेतलेलं वैयक्तिक कर्ज माझ्या सिबिल अहवालात (सिबिल म्हणजे आपल्या कर्जांची नोंद ठेवणारी कंपनी) थकीत दिसत होतं. पॅन माझा, मोबाइल नंबर आणि पत्ता भलत्याचाच.

आधी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. (खात्यातून पैसे गेले असतील तर मात्र आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.) मग कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल. कस्टमर केअरवाले म्हणत होते, "हप्ता भरून टाका, मग बघू." अजिबात भरू नका! भरलात तर कर्ज तुमचंच होतं, असा अर्थ काढायला वाव मिळतो. मी अर्जाची प्रत, केवायसीची कागदपत्रं आणि रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली, हे लेखी मागितलं. ते खातं माझं नव्हतं. तिथेच प्रकरण फिरलं.

सिबिलकडेही त्याच दिवशी डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार टाकली. कर्जदात्याने दुजोरा दिल्याशिवाय ते नोंद बदलत नाहीत, म्हणून पाठपुरावा दोन्हीकडे हवा. ३० दिवसांत निवारण झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. हा नियम ईमेलमध्ये लिहिल्यावर उत्तरं भराभर येऊ लागली. नोंद निघाली.

एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या सिबिलसारख्याच कंपन्यांचे अहवालही बघा, वर्षातून एकदा प्रत्येकाचा फुकट मिळतो. आधारचं बायोमेट्रिक मी लॉक केलं. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर माझ्या नावावर एक अनोळखी सिम सापडलं, तेही 'माझं नाही' म्हणून कळवलं.