वकील पैशांचा हिशेब देत नसतील तर

भरपाईचा चेक वकिलांकडे जमा झाला, पण रक्कम हातात येत नाही आणि फोनही उचलला जात नाही. अशा वेळी वाद घालण्याआधी लेखी हिशेब मागा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या (वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या) नियमांप्रमाणे अशिलाने मागितल्यावर वकिलाला त्याच्या खात्याची, म्हणजे जमाखर्चाची, प्रत द्यावीच लागते. नक्कलेचा खर्च तेवढा आपला.

१. पत्रात प्रत्येक रक्कम तारखेसह लिहा. स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपून ठेवा.

२. उत्तर आलं नाही तर हेच कागद जोडून राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार करा (ॲडव्होकेट्स ॲक्ट 1961, कलम 35). गैरवर्तन सिद्ध झालं तर सनद (वकिलीचा परवाना) निलंबित किंवा रद्दही होऊ शकते.

नुसती केस हरली म्हणून तक्रार टिकत नाही. आणि पैसे वसूल करायला दावा वेगळा लावावा लागतो. तक्रारीच्या निकालाची वाट पाहत या दाव्याची मुदत घालवू नका.