संत्र्याची गळ? टॉर्च घेऊन बागेत जा

पोळ्याच्या सुमारास आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याची) फळं गळू लागली की नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडकडे आधी फवारणीचा पंप खांद्यावर चढतो. थांबा. पडलेलं फळ उचलून दाबा. टाचणीएवढ्या भोकातून रस उडाला, तर काम रस शोषणाऱ्या पतंगाचं. दिवसा तो दिसत नाही. अंधार पडल्यावर टॉर्च मारा, फळात सोंड खुपसून बसलेला सापडेल. बाहेरून येणारा पाहुणा तो, फवारा त्याला फारसा लागत नाही. त्याची अळी बांधावरच्या गुळवेल, वासनवेलीवर वाढते. त्या वेली उपटा (काढ्यापुरती गुळवेल घरी लावा हवं तर). गळालेली फळं रोज वेचून खोल गाडा, आणि पतंग फिरकू नये म्हणून संध्याकाळी सातच्या सुमारास ओलसर पाचोळ्याचा धूर करा.