नॉक्सव्हिलमध्ये घर बघताना: कुठे गजबज, कुठे शांतता, हे जोखायचं कसं

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत १ लाख ९० हजारांच्या आसपास होती. तिथल्या नेलँड स्टेडियममध्ये मात्र १ लाखाहून जास्त माणसं बसतात. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये टेनेसी युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉलचे साधारण सात घरचे सामने होतात, आणि त्या शनिवारी अर्ध्या शहराचा आवाजच बदलतो. त्यामुळे एखादा भाग शांत आहे का, हे विचारताना कोणत्या दिवशी आणि किती वाजता, हेही विचारावं लागतं. एकदा चक्कर मारली, आवडलं आणि लीजवर सही केली, की फसगत ठरलेली.

सगळ्यात जास्त फसगत होते ती फोर्ट सँडर्समध्ये. कँपसला लागून असलेला भाग, जुनी लाकडी घरं, रस्त्यावर सावली. जून-जुलैत गेलात तर कुत्रंही भुंकत नाही. कारण साधं आहे: मुलं गावी गेलेली असतात. ऑगस्टमध्ये ती परत येतात, आणि बाहेरून एका कुटुंबाचं वाटणारं घर आतून चार-पाच फ्लॅटचं निघतं. पोर्चवर जुना सोफा आणि त्याच्या हातावर स्पीकर. तेव्हा उन्हाळ्यात घर बघत असाल, तर पोर्च आणि मागचं अंगण नीट बघा. दारावर किती पत्रपेट्या आणि भिंतीवर किती वीजमीटर आहेत ते मोजा. मीटर पाच, म्हणजे शेजारी पाच.

प्रत्येक घरासाठी किमान तीन फेऱ्या करा. पहिली गुरुवारी रात्री अकरानंतर, कारण विद्यार्थ्यांचा वीकेंड तेव्हाच सुरू होतो. दुसरी मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी सातला, हायवे भरलेला असताना. तिसरी घरच्या सामन्याच्या शनिवारी. दर वेळी गाडीचं इंजिन बंद करून, काचा खाली घेऊन पंधरा मिनिटं बसा, मग दोन ब्लॉक चाला. रविवारची सकाळ मुद्दाम वगळली आहे: निम्मं शहर चर्चमध्ये असतं, तेव्हा सगळेच भाग शांत वाटतात.

फोनवरचं डेसिबल अॅप वापरा, पण दोन घरांची तुलना करण्यापुरतंच. बेडरूमसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ३० डेसिबल सुचवले आहेत. इतक्या खाली फोनच्या माइकवर भरवसा नको. एकाच फोनने, खिडकी बंद ठेवून, पलंग जिथे येईल तिथे उभं राहून मोजा. दहा डेसिबलचा फरक कानाला जवळपास दुप्पट वाटतो.

डाउनटाउनमधले ओल्ड सिटी आणि मार्केट स्क्वेअर हे भाग गजबजलेले आहेत, हे सांगायला नकोच. बार रात्री तीनपर्यंत चालू राहू शकतात. ओल्ड सिटीत लोक बारची चौकशी करतात आणि रेल्वे विसरतात. रूळ अगदी लगत आहेत. फेडरल नियमानुसार इंजिनाने सार्वजनिक क्रॉसिंगच्या १५ ते २० सेकंद आधी भोंगा द्यायचा असतो: दोन लांब, एक आखूड, एक लांब. तोही ९६ ते ११० डेसिबलचा. ‘क्वाएट झोन’ ठरलेल्या क्रॉसिंगवर ही सक्ती नसते. फेडरल रेल्वे प्रशासनाच्या ऑनलाइन नकाशावर प्रत्येक क्रॉसिंगची नोंद सापडते. दिवसाला किती गाड्या जातात तेही दिसतं. सही करण्याआधी घराजवळची क्रॉसिंगं तिथे बघून घ्या.

फोर्थ अँड गिल हा भाग आमच्या मते मधला मार्ग: पोर्चवर बसलेली माणसं, फुटपाथ, डाउनटाउन जवळ. अडचण एकच, दक्षिणेला आय-४० हा हायवे. ‘मध्ये झाडं आहेत’ हे एजंटचं म्हणणं मनावर घेऊ नका. झाडांची एखादी ओळ आवाज जवळपास अडवतच नाही. दहा डेसिबल कमी व्हायला सुमारे २०० फूट रुंद, दाट झाडी लागते. शिवाय वारा नसलेल्या थंड रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, आवाज खाली वळतो आणि दुपारी न जाणवलेला हायवे उशाशी येतो. हायवेपासून जितके ब्लॉक उत्तरेला सराल तितकं बरं.

सिकोया हिल्समध्ये गजबज म्हणजे चेरोकी बुलेव्हार्डवर धावणारे आणि कुत्री फिरवणारे लोक. पण ऑगस्टच्या रात्री तिथल्या झाडांवरचे केटीडिड किडे इतके किरकिरतात, की नवखा माणूस खिडकी लावून घेतो. थंडी पडली की आपोआप थांबतात. पश्चिमेचं फॅरागट तर वेगळं गावच आहे. तिथे रात्री शांत, दिवसा पानं उडवणारे लीफ ब्लोअर, आणि दुधाच्या पिशवीसाठीही गाडी काढायची तयारी हवी.

शेवटी शेजाऱ्याशी बोला, पण ‘इथे शांत असतं ना?’ असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. ‘सामन्याच्या दिवशी गाडी कुठे लावता?’ असं विचारा. ‘नेहमीसारखी दारात’ असं उत्तर आलं तर ठीक. ‘आम्ही शुक्रवारीच बाहेरगावी जातो’ म्हणाला, तर पुढचं घर बघा.