फौजेतून घरी येताय? कर्जाआधी सातबारा बघा

हवालदार म्हणून चोवीस वर्षं काढून पेन्शनवर आलो आणि त्याच आठवड्यात विहिरीच्या कर्जासाठी बँकेत गेलो. साहेबांनी चहा पाजला, 'या फौजी' म्हणाले आणि सातबारा बघून तो हळूच माझ्याकडे परत सरकवला. इतर हक्काच्या रकान्यात आजोबांच्या नावे तगाईचा, म्हणजे १९७२ च्या दुष्काळात विहिरीसाठी घेतलेल्या सरकारी कर्जाचा बोजा होता. आजोबांनी ती केव्हाच फेडली होती, पण बोजा उतरवायला कोणी गेलंच नव्हतं. वर वडील जाऊन तीन वर्षं झाली तरी वारसनोंद नाही. या दोन नोंदींपायी सात महिने गेले. पुढच्या मार्चला भावकीतला एक पुतण्या घरी येतोय, त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो. आमचा तालुका खटाव, जिल्हा सातारा, पण कागद सगळीकडे सारखेच.

डिस्चार्जची वाट बघू नका, शेवटच्या दोन सुट्ट्यांतच कामाला लागा. डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ (आपल्या खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) काढा, सोबत सातबाऱ्यावर ज्यांचे नंबर दिसतात ते सगळे फेरफारही, म्हणजे नावात-बोजात झालेल्या बदलांच्या नोंदी. वडील किंवा आजोबा हयात नसतील तर मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्याकडे किंवा ऑनलाइन ई-हक्क प्रणालीवर अर्ज द्या. (तलाठ्याला आता सरकारदरबारी ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. गावात तलाठीच.) नावं ६-क च्या वारस रजिस्टरला लागतात, नऊ नंबरची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात. आपण परत युनिटला गेलो की ही नोटीस कुणाच्या तरी कपाटात पडून राहते, म्हणून मागे घरचं एक माणूस लावून ठेवा.

बहिणींची नावं गाळू नका. माझ्या चुलत्यांनी ती गाळायचाच सल्ला दिला होता. कायद्याने त्यांचा हिस्सा आपल्याइतकाच आहे, आणि बँकेचा वकील सर्च रिपोर्टात ते शोधतोच. माझ्या थोरल्या बहिणीने हक्कसोड द्यायला नकार दिला. राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण तिचं बरोबर होतं. शेवटी सगळ्यांच्या संमतीने तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप करून घेतलं. माझ्या वाट्याचा सातबारा वेगळा झाला, कर्जाला पुन्हा कुणाची सही लागली नाही.

जुन्या बोजाचं सोपं आहे, फक्त पावती हवी. आमची आजीच्या ट्रंकेत, जुन्या पंचांगात सापडली. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर त्यांच्याकडून कर्ज फिटल्याचा बेबाकी दाखला घ्या आणि बोजा कमी करण्याचा अर्ज द्या. कर्ज फिटलं की बोजा आपोआप उतरतो ही समजूत गावोगाव आहे.

सरकारने दिलेली जमीन असेल, फौजी म्हणून मिळालेली किंवा धरणग्रस्ताच्या पुनर्वसनाची, तर सातबाऱ्यावर बहुधा 'भोगवटादार वर्ग २' असतं. ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. म्हणून कर्ज मिळत नाही असं कुणी सांगितलं तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६(४) दाखवा. शेतीच्या कर्जासाठी बँकेला किंवा सहकारी संस्थेला ती गहाण देता येते.

आता कर्ज. पेरणीचा खर्च वेगळा, विहिरीचा वेगळा, हे डोक्यात पक्कं ठेवा. बी-बियाणं, खत, मजुरीसाठी गावच्या विकास सोसायटीचे सभासद व्हा आणि पीककर्ज घ्या. रक्कम पीक आणि क्षेत्र बघून ठरते, त्यामुळे ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद, चुकवू नका. ३ लाखांपर्यंत व्याज ७ टक्के. मुदतीत भरलं तर केंद्राची ३ टक्के सवलत, उरलेलं राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून, म्हणजे बिनव्याजी. एक दिवस उशीर झाला की हे सगळं गेलं. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारणही लागत नाही. सभासद झालात की लोक जामीन राहा म्हणून दारात येतील, कारण पेन्शन सगळ्यांना दिसते. मी दोघांना राहिलो. एकाचे हप्ते मी भरतोय.

विहीर, पाइपलाइन, सपाटीकरण याला मध्यम किंवा दीर्घ मुदतीचं कर्ज. अंदाजपत्रक आणि कोटेशन लागतं. गावच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेता येत नाही, हे खणायच्या आधी बघा. हप्ता महिन्याचा घेऊ नका, पीक विकतं त्या महिन्याचा मागा. माझ्याकडे अर्धा एकर आल्याचं पीक आहे. ते निघायला नऊ-दहा महिने लागतात, तोवर हप्ता कुठून आणायचा?

इथेच फौजी फसतो. शेतीकर्जाचे कागद बघून बँकेतला माणूस म्हणतो, कशाला कटकट, पेन्शनवर लोन देतो, तासाभरात. मीही सही करायला टेकलो होतो. ते वैयक्तिक कर्ज असतं, व्याज चढं, शेतीची एकही सवलत नाही, आणि हप्ता महिन्याच्या महिन्याला पेन्शनमधून कापला जातो. दुसरं कम्युटेशन. निम्म्यापर्यंत पेन्शन विकून एकरकमी पैसा घेता येतो, पण पेन्शन परत पूर्ण व्हायला पंधरा वर्षं जातात. तो सगळा पैसा विहिरीत घालू नका. बँक मागेल तेवढी स्वतःची रक्कम त्यातून घाला, बाकीचा ठेवा.

प्रक्रिया उद्योग काढायचा असेल, गुऱ्हाळ किंवा आल्याची सुंठ, तर पीएमईजीपी ही केंद्राची नव्या उद्योगासाठीची कर्ज-अनुदान योजना बघा. माजी सैनिकाला प्रकल्पखर्चाचे ५ टक्के स्वतःचे घालावे लागतात, ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आहे. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं ओळखपत्र लागेल, ते आल्याआल्या काढा. अपशिंगे मिलिटरीसारखी घरटी फौजी असलेली गावं या जिल्ह्यात आहेत, त्यामुळे नुसत्या कार्डाचा रुबाब इथे चालत नाही. आणि पीएम किसानचा अर्ज भरू नका. महिना १० हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन असणारा त्यात बसत नाही, नंतर वसुली येते.

पुतण्याच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे, खाली सहा वारस, त्यातल्या दोघी मुंबईत. त्याला जूनची रजा मागायला सांगितलंय.