ऑईल प्रेशरचा बजर तपासायला जाताना काय काय घ्यायचं

पावसाळा तोंडावर आला की कृष्णाकाठच्या गावांत बोटी शेडमधून बाहेर निघतात, आणि वर्षभर पडून असलेल्या इंजिनाचा बजर नेमका तेव्हा ओरडायला लागतो. पट्टी काढून बघावं तर ऑईल भरलेलं. मग कोणीतरी म्हणतंच, "सेन्सर गेलाय, वायर काढून टाका." वायर काढून बोट नदीत घालायची नाही. बजर खोटा असू शकतो, पण तो खोटा आहे हे गेजनं, म्हणजे ऑईलचं प्रेशर मोजणाऱ्या मीटरनं सांगायचं. आणि गेज इंजिनाला लावायला ॲडॅप्टर, म्हणजे मधला जोड लागतो. गेल्या वेळी घाटावर गेज होता, पाने होते, माणसं होती; ॲडॅप्टरचे आटे मात्र इंजिनाला बसत नव्हते. सगळा दिवस त्यात गेला. तेव्हा यादीत पहिलं नाव ॲडॅप्टरचं.

त्याआधी इंजिन फोर-स्ट्रोक आहे का ते बघा. टू-स्ट्रोकमध्ये ऑईल पेट्रोलबरोबर जळतं, त्याला ऑईल प्रेशर हा प्रकारच नसतो. त्याचा बजर टाकीतलं ऑईल कमी झाल्याचा किंवा इंजिन गरम झाल्याचा असतो. इंजिनावरच्या मॉडेल नंबरच्या पट्टीचा फोटो काढा आणि त्याच मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मोबाईलमध्ये उतरवून घ्या, कारण घाटावर रेंज मिळेलच असं नाही. त्यातल्या तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: गरम इंजिनाला आयडलवर (रेस न देता) किती प्रेशर हवं, जास्त फेऱ्यांवर किती हवं, आणि दिव्याचा अर्थ काय. काही इंजिनांवर ऑईलचा हिरवा दिवा लागलेला असणं हेच ठीक असतं आणि तो विझला की गडबड. हे न वाचता भलत्याच दिव्याच्या मागे लागलेली माणसं मी पाहिली आहेत.

बजर बहुतेक वेळा एकच असतो, ऑईलचाही तोच आणि गरम झाल्याचाही तोच. म्हणून इंजिन थंड करून मागून बाहेर पडणारी पाण्याची धार बघा. आपल्याकडे जलपर्णी आणि प्लास्टिकच्या पिशव्या खालच्या जाळीत अडकतात, गाळानं धारेचं भोक बुजतं. एक बारीक तार बरोबर असू द्या.

ऑईलची पट्टी इंजिन सरळ उभं करून, बंद केल्यावर थोडा वेळ थांबून बघायची. ट्रेलरवर कललेल्या इंजिनाची पट्टी खोटं सांगते. पातळी खुणेच्या वर गेलेली दिसली तर खूश होऊ नका. पट्टीचा वास घ्या. पुराच्या तयारीत रोज सकाळी इंजिन पाच-दहा मिनिटं नुसतं आयडलवर चालवायची पद्धत पडली आहे. इंजिन नीट गरम होतच नाही, न जळालेलं पेट्रोल रिंगांवरून खाली ऑईलमध्ये उतरतं, ऑईल पातळ होतं आणि पातळी उलट वाढते. असं ऑईल गरम झालं की प्रेशर खरंच पडतं. तो बजर खरा असतो. पेट्रोलचा वास आला तर आधी ऑईल आणि फिल्टर बदला, पुढचं मग. ऑईल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं, बोटीच्या फोर-स्ट्रोकसाठीचं एफसी-डब्ल्यू शिक्का असलेलं. प्रेशर वाढावं म्हणून जाड ऑईल ओतू नका.

आता ॲडॅप्टर. ऑईलचा स्विच, म्हणजे ज्याला लोक सेन्सर म्हणतात तो, काढून त्याच भोकात गेज लावायचा असतो. पुष्कळ इंजिनांवर ते भोक 1/8 इंच मापाचं असतं, आणि घोळ तिथंच आहे. 1/8 मध्ये पाइपच्या आट्यांच्या दोन जाती: बीएसपीला इंचाला 28 आटे, एनपीटीला 27. हातात दोन्ही सारखेच दिसतात. चुकीचा सुद्धा एक-दोन आटे छान जातो, मग घट्ट होतो, आणि पोरं पाना लावून दाबतात. ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे. आटे गेले की स्विचचं निमित्त होऊन सगळं इंजिन खोलायची वेळ येते. तेव्हा जुना स्विच काढून हातात घेऊन दुकानात जा, तोंडी माप सांगू नका. मिळाला नाही तर कुपवाड एमआयडीसीत लेथवर पितळेचा करून घ्या, नमुना म्हणून तोच स्विच द्या. घरी आणल्यावर नुसत्या बोटांनी इंजिनात फिरवून बघा, दुसरं टोक गेजच्या नळीला लावून बघा. दोन्हीकडे बसला तरच तो ॲडॅप्टर. मग तारेनं गेजलाच बांधून टाका. निघताना पुन्हा विचारा: ॲडॅप्टर बांधलाय का?

टेफलॉन टेप स्विचला गुंडाळू नका. एका वायरच्या स्विचला अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच मिळतं. टेपमुळे ते तुटलं तर प्रेशर खरोखर गेल्यावरही बजर गप्प राहील, आणि मुका बजर खोट्यापेक्षा वाईट.

मल्टीमीटर घ्या. नेहमीच्या एका वायरच्या स्विचमध्ये इंजिन बंद असताना स्विच आणि ब्लॉक यांच्यात कंटिन्युइटी (विजेचा जोड) दिसते, चालू झाल्यावर ती तुटायला हवी. मॅन्युअलमध्ये उलटा प्रकार नाही ना, ते बघून मगच ठरवा. पाण्याची धार ठीक असून, वायर काढल्यावरही बजर वाजत राहिला तर वायर कुठंतरी सोलून बॉडीला लागली आहे. शेडमध्ये उंदीर कुरतडतात, कव्हरच्या कडेला घासते. वायर काढल्यावर बजर थांबला, तर स्विच खराब असेल किंवा प्रेशर खरंच कमी असेल. यातलं काय, ते फक्त गेज सांगतो.

पाण्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही, पंपाचं रबर लगेच जळतं. ड्रम वापरलात तर पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्याही वर हवं. पंखा काढलेला, किल कॉर्ड (ओढली की इंजिन बंद करणारी दोरी) मनगटाला, जागा उघडी. बंद शेडमध्ये धूर जीव घेतो.

गरम झाल्यावर आयडलचं रीडिंग लिहा. जास्त फेऱ्यांचं रीडिंग शांत पाण्यात, पंखा परत लावून, बोट घाटाला पक्की बांधून. गेज बरोबर आणि बजर चालू: स्विच किंवा वायर, कंपनीचाच स्विच घाला. गेज कमी: तत्काळ बंद, मेकॅनिककडे.

हे सगळं सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीवर यायच्या आत. 45 ही धोका पातळी, तेव्हा चाचण्या करत बसता येत नाही. बजर वाजला की काही इंजिनं आपोआप मिनिटाला 2000 फेऱ्यांच्या आसपास अडकतात, आणि पुराच्या ओढीत तेवढ्यावर बोट प्रवाहाविरुद्ध वर चढत नाही. म्हणून खोटा बजरही सोडून चालत नाही. वल्ही, दोर, नांगर, लाइफ जॅकेट चाचणीच्या दिवशीही बोटीत हवीत, आणि चाचणीला प्रवासी घेऊ नका.