विंडोज ११ वर जायचंय? आधी प्रिंटर, डोंगल आणि फॉन्ट बघा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून सांगलीत दुकानदार असो, सीएचं ऑफिस असो की पतसंस्था, प्रश्न एकच: आमचा कॉम्प्युटर आता बंद पडणार का? नाही पडणार. तो उद्याही सुरू होईल आणि बिलंही काढेल. फक्त सुरक्षेचे नेहमीचे अपडेट येणं थांबलं आहे. ज्या मशीनवर नेट बँकिंग चालतं, जीएसटीचं रिटर्न भरलं जातं, ते असं उघडं ठेवणं शहाणपणाचं नाही, म्हणून अपग्रेड करायचा.

ज्यांनी केला त्यांच्या तक्रारी ऐकल्या तर दोन प्रकार दिसतात. पहिली सगळ्यांची: स्टार्टचं बटण मध्ये गेलं, राइट क्लिकवर निम्मे पर्याय गायब. ही चार दिवसांत विरते. दुसरी मात्र धंदा थांबवते. शेतकऱ्याच्या हिशेबाची पट्टी छापत नाही, डिजिटल सही होत नाही, जुनी मराठी फाइल उघडत नाही. म्हणजे विंडोज नीट चढलेलं असतं, अडतं ते त्याला जोडलेलं जुनं सामान. म्हणून कामाची सुरुवात डाउनलोडपासून नको, कागद-पेनापासून करा.

आधी यादी

या कॉम्प्युटरवर महिनाभरात काय काय होतं ते लिहून काढा. कोणता प्रिंटर, कोणतं अकाउंटिंग सॉफ्टवेअर, डिजिटल सहीचं टोकन कोणत्या कंपनीचं, मराठी टायपिंग कशात, मागे यूएसबीला लावलेलं डोंगल (ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही ते छोटं यंत्र) कशाचं. मालकाला यातलं निम्मंच माहीत असतं, तेव्हा रोज त्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला विचारा. मग प्रत्येक वस्तूपुढे लिहा: विंडोज ११ साठी ड्रायव्हर, म्हणजे ती वस्तू विंडोजशी जोडून देणारा प्रोग्राम, आहे का? कंपनीच्या साइटवर ‘६४ बिट’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं, कारण विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. तुमचं विंडोज १० जर ३२ बिट असेल, तर वरच्यावर, म्हणजे आहे ते न पुसता, अपग्रेड होतच नाही, सगळं नव्याने टाकावं लागतं. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम’खाली ‘अबाउट’ उघडलं की हे कळतं.

मार्केट यार्डातल्या अडत दुकानांत याचा फटका जास्त बसतो. हळदीचा सौदा झाला की शेतकऱ्याची पट्टी निघते ती बऱ्याच ठिकाणी अजून डॉट मॅट्रिक्सवर, आणि ती काढणारा प्रोग्राम कुणीतरी कधीकाळी फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रामात लिहून दिलेला, विंडोजच्या आधीच्या डॉसचा. तो आतापर्यंत चालला कारण मशीनवर ३२ बिट विंडोज होतं. ६४ बिट विंडोज डॉसचे प्रोग्राम चालवत नाही. डॉसबॉक्स किंवा व्हीडॉससारखा प्रोग्राम मध्ये घातला तर चालतात, पण प्रिंटिंग जुळवायला डोकं लावावं लागतं. हे अपग्रेडच्या आधी दुसऱ्या मशीनवर करून बघा. सौद्याच्या दिवशी, गाडी दारात उभी असताना नको.

मराठी फाइलींचंही तसंच. युनिकोडमध्ये टाइप केलेलं कुठेही उघडतं. कृतिदेव, श्रीलिपी किंवा जुन्या आयएसएमच्या फॉन्टमध्ये लिहिलेलं मात्र तो फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतं. वरच्यावर अपग्रेडमध्ये फॉन्ट टिकतात, फॉरमॅट केलं तर जातात. त्यामुळे विंडोजमधलं ‘फॉन्ट्स’ हे फोल्डर आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. ज्या सॉफ्टवेअरला डोंगल लागतं त्याची मूळ सीडी किंवा सेटअप फाइल कुठे आहे तेही शोधा.

मग मशीन

मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा फुकट प्रोग्राम चालवला की मशीन चालणार की नाही ते सरळ सांगतो. अटी अशा: किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप), सिक्युअर बूटची (सुरू होतानाच्या सुरक्षा-तपासणीची) सोय आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर. ढोबळ हिशेब म्हणजे इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका आणि त्यापुढचे. ४ जीबी ही कागदावरची अट झाली. टॅली, क्रोम आणि एक्सेल एकदम उघडणाऱ्याने ८ च्या खाली जाऊ नये. आणि मशीनमध्ये अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर आधी एसएसडी टाका, मग विंडोजचं बघा. नाहीतर ‘नवं विंडोज स्लो आहे’ म्हणून वर्षभर बोटं मोडाल.

असेंबल केलेल्या कॉम्प्युटरवर बऱ्याचदा ‘टीपीएम नाही’ असा शेरा येतो आणि लोक नवीन मशीनचं कोटेशन मागवतात. थांबा. प्रोसेसर यादीत असेल तर टीपीएम बहुतेक आत असतो, नुसता बंद असतो. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, जा. इंटेलवर ‘पीटीटी’, एएमडीवर ‘एफटीपीएम’ नावाचा पर्याय असतो, तो चालू करा. बाहेर येऊन विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, चौकटीत टीपीएम डॉट एमएससी (tpm.msc) असं इंग्रजीत टाइप करा. तिथे स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० दिसलं की झालं.

बायोसमध्ये मशीन सुरू करायची जुनी ‘लेगसी’ पद्धत बदलून नवी ‘यूईएफआय’ करायची असेल तर मात्र घाई नको. डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असताना नुसता हा बदल केला, तर विंडोज सुरूच होणार नाही. आधी डिस्क जीपीटी या नव्या मांडणीत बदलावी लागते. त्यासाठी विंडोजमध्येच एमबीआर टू जीपीटी नावाची कमांड आहे. ती माहितगाराकडून करून घ्या, बॅकअपनंतर.

अटींना बगल देऊन जुन्या मशीनवर विंडोज ११ चढवून देणारेही भेटतील. चढतं ते. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती कोअर टू ड्युओच्या काळातल्या प्रोसेसरवर बूटच होत नाही. घरच्या कॉम्प्युटरवर प्रयोग करा, ऑफिसच्या नको. शिवाय खऱ्या लायसन्सच्या विंडोज १० वरून अपग्रेड फुकट आहे. करून देणाऱ्याने मजुरी घ्यावी, लायसन्सचे वेगळे पैसे मागितले तर विचारा कशाचे.

बॅकअप

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, फोटो, ब्राउझरमधले पासवर्ड, आणि टॅलीचा डेटा. तो नेमका कुठे आहे हे कंपनी निवडायच्या स्क्रीनवर दिसतं, तो मार्ग बघून फोल्डर उचला, अंदाजाने नको. फॉरमॅट करणार असाल तर टॅलीचं लायसन्स आधी टॅलीतूनच ‘सरेंडर’ (परत जमा) करा, नाहीतर नव्या विंडोजवर सुरू करताना अडकाल.

कॉपी झाल्यावर दुसऱ्या मशीनवर दोन-चार फाइल उघडून बघा. आणि ती डिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. सांगलीच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरात तळमजल्यावरच्या दुकानांत कॉम्प्युटर आणि त्याचा बॅकअप दोन्ही एकाच पाण्यात गेले. कृष्णाकाठच्या माणसाने एक प्रत वरच्या मजल्यावर किंवा नदीपासून लांब, विश्रामबागेतल्या पाहुण्यांकडे ठेवावी.

लॅपटॉपवाल्यांनी आणखी एक करायचं. डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का ते बघा. चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहा. बायोसमध्ये काही बदललं की मशीन ही की मागू शकतं, आणि की नसेल तर डेटा गेला म्हणून समजा. या कामाला पाच मिनिटं लागतात.

अपग्रेडचा दिवस

दरमहा जीएसटीचं रिटर्न भरणाऱ्यांना ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी भरायचं असतं. या तारखांच्या आसपास हात लावू नका. महिन्याची २१-२२ तारीख आणि शनिवारची संध्याकाळ उत्तम. डिस्कवर ३० जीबी तरी मोकळी करा, बाहेरचं अँटिव्हायरस काढून टाका, प्रिंटर आणि डोंगल उपसून ठेवा. लॅपटॉप चार्जरला, डेस्कटॉप यूपीएसवर. यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर ती आधी बदला, पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

विंडोज अपडेटमध्ये ११ चा पर्याय आला असेल तर तिथूनच घ्या. नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ‘इन्स्टॉलेशन असिस्टंट’ उतरवा. सेटअपची फाइल पाच जीबीच्या वरची आहे, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे करू नका. इन्स्टॉलेशन असिस्टंट फाइली आणि प्रोग्राम आपोआप ठेवतो. कुणी पेनड्राइव्हवरून सेटअप चालवत असेल, तर ‘फाइली आणि ॲप्स ठेवा’ हा पर्याय निवडलाय का ते स्वतः डोळ्यांनी बघा. तो पर्याय फिकट दिसत असेल तर तिथेच थांबा आणि कारण शोधा.

पुढे टक्केवारी एखाद्या आकड्यावर अर्धा तास रेंगाळेल, मशीन तीन-चारदा आपोआप बंद-चालू होईल. पॉवर बटणाला हात लावायचा नाही.

पहिला आठवडा

सुरू झाल्यावर वॉलपेपर बघत बसू नका, यादी घ्या. एक-एक वस्तू जोडा आणि खरं काम करून बघा: पट्टी छापा, डिजिटल सही करा, चेक प्रिंट करा, जुनं पत्र उघडा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसला तर ड्रायव्हर नाही असं समजा. डोंगल ओळखत नसेल तर ‘विंडोज सिक्युरिटी’त ‘डिव्हाइस सिक्युरिटी’खाली ‘कोअर आयसोलेशन’ बघा. तिथलं ‘मेमरी इंटेग्रिटी’ जुने ड्रायव्हर अडवतं. ते बंद करून काम भागवायचा मोह होईल, पण सॉफ्टवेअरवाल्याकडून नवा ड्रायव्हर मागणं बरं.

दोन-तीन कॉम्प्युटर जोडलेल्या ऑफिसात शेअर केलेलं फोल्डर अचानक उघडेनासं होतं. २४एच२ च्या प्रो आवृत्तीत बिनपासवर्डचं गेस्ट शेअरिंग मुळातच बंद आहे. ज्या मशीनवर फोल्डर आहे तिथे पासवर्डसह एक युजर तयार करा आणि त्या नावाने जोडा. सेटिंगची मोडतोड करून जुनी पद्धत परत आणून देणारे भेटतील, त्यांना नको म्हणा.

स्टार्ट बटण डावीकडे हवं असेल तर टास्कबारच्या सेटिंगमध्ये ‘अलाइनमेंट’ बदला. राइट क्लिकचा जुना मेनू शिफ्ट आणि एफ १० ने येतो. मराठीसाठी भाषा-सेटिंगमध्ये ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड जोडून बघा, नवीन शिकणाऱ्याला तो इनस्क्रिप्टपेक्षा लवकर जमतो.

काहीच जमत नसेल तर परत फिरता येतं, पण फक्त १० दिवस. सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, तिथे ‘गो बॅक’. तोपर्यंत जागा मोकळी करायच्या नादात ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर उडवू नका, परतीचा रस्ता त्यातच असतो.

जे मशीन जाऊच शकत नाही

मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला, तर विंडोज १० च्या २२एच२ आवृत्तीला सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. नोंदणी विंडोज अपडेटच्या पानावरून होते. घरात नुसतं यूट्यूब, मेल आणि पत्रलेखन असेल तर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून बघा, डिस्कला हात न लावता चालतं. टॅली लागणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये. आणि डॉसचा प्रोग्राम कशातच बसत नसेल तर ते जुनं मशीन तसंच राहू द्या, पण त्याची नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, आणि पट्ट्यांचा डेटा रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर उतरवा. तो पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावताना आधी स्कॅन करायचा.