नायजेरियाचं प्लॅकार्ड आणि २२ लाख डॉलरचा उपचार

माझ्या पहिल्या एमयूएनला (संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीची विद्यार्थ्यांनी केलेली नक्कल, ज्यात प्रत्येकजण एका देशाचा प्रतिनिधी असतो) मला नायजेरिया मिळाला. समिती डब्ल्यूएचओची, विषय मानवी क्षमता वाढवणारं तंत्रज्ञान. विषय वाचला आणि मेंदूतल्या चिपा, डिझायनर बाळं यांच्या मागे लागलो. तीन आठवडे तेच वाचलं. नायजेरियाबद्दल वाचलं ते शेवटच्या रात्री, प्रवासात. तुम्ही पहिल्यांदा जात असाल तर हा क्रम उलटा ठेवा.

पहिल्याच मॉडमध्ये (एका उपविषयावर वेळ ठरवून होणाऱ्या चर्चेत) मी जीन एडिटिंगची जोरात बाजू घेतली. उदाहरण दिलं कॅसजेव्हीचं. क्रिस्पर हे जनुक कापून बदलण्याचं तंत्र वापरून केलेल्या या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने जगात सर्वांत आधी मान्यता दिली. सिकल सेल म्हणजे लाल रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार. त्याच्या रुग्णाच्या मूलपेशी काढून त्यांच्या जनुकात एक काप द्यायचा आणि त्या परत सोडायच्या. मग गर्भात असताना शरीर जे हिमोग्लोबिन बनवतं, ते पुन्हा बनू लागतं. बोलून बसतो तोच केनियाने पीओआय, म्हणजे वक्त्याला प्रश्न विचारायची परवानगी, मागितली. "अमेरिकेत याची किंमत २२ लाख डॉलर आहे. तुमच्या देशात हे पैसे कोण भरणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिकल सेल घेऊन जन्मणारी सर्वांत जास्त बाळं नायजेरियात जन्मतात. त्या देशाच्या वतीने मी श्रीमंत देशाचं भाषण करत होतो.

जास्त लागलं ते वेगळ्याच कारणाने. हा आजार मी रोज बघत होतो. नागपूरच्या हॉस्टेलवर माझ्या शेजारच्या खोलीतला मित्र गडचिरोलीचा. थंडी वाढली की त्याचे सांधे धरायचे, पाण्याची बाटली कायम उशाशी, रोजची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी, दुखण्याचे झटके कमी करणारी. त्या रात्री त्याला फोन केला. तो म्हणाला, "तपासणी तर करतात रे. पण गोळी संपली की जिल्ह्याला जावं लागते. गोळी गावात भेटली पाहिजे, एवढं लिही."

दुसऱ्या दिवशीच्या अनमॉडमध्ये (जागेवरून उठून होणाऱ्या मोकळ्या चर्चेत) केनियाशेजारी जाऊन बसलो आणि आम्ही ठरावाचे क्लॉज, म्हणजे मुद्दे, लिहायला घेतले. पहिल्या खर्ड्यात मी 'मागणी करते' असं क्रियापद घातलं होतं. ईबीने (समिती चालवणाऱ्या मंडळाने) खोडलं, आणि बरोबर केलं. डब्ल्यूएचओची जागतिक आरोग्य सभा सदस्य देशांना आवाहन करते, महासंचालकांना विनंती करते. हुकूम सोडत नाही. बंधनकारक करार करायचा तर डब्ल्यूएचओच्या घटनेचं कलम १९ आहे. ते वापरून झालेला पहिला करार तंबाखूचा, २००३ चा. तेव्हा 'जगभर बंदी घाला' असं लिहिण्याआधी ती कोणत्या कलमाखाली घालणार, हे स्वतःला विचारा.

खरी चुरस मात्र उपचार कुठे संपतो आणि क्षमतावाढ कुठे सुरू होते, यावर झाली. इथे 'हे च्यानक्वे' (He Jiankui) याचं प्रकरण नीट वाचून जा. नोव्हेंबर २०१८ मध्ये या चिनी संशोधकाने जाहीर केलं की त्याने भ्रूणांच्या सीसीआर५ जनुकात (एचआयव्हीला पेशीत शिरायला वाट देणाऱ्या) बदल केला आणि जुळ्या मुली जन्मल्या. वडील एचआयव्हीबाधित होते, पण मुलींना कुठलाही आजार नव्हता जो बरा करायचा होता. मग हा उपचार की वाढीव ताकद? लसही निरोगी शरीरालाच देतो, असं एकाने म्हटलं. मला ते पटलं नाही. लस पुढच्या पिढीत उतरत नाही, हा बदल उतरू शकतो. २०१९ च्या शेवटी त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली, आणि डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञ समितीने जुलै २०२१ मध्ये या तंत्रज्ञानाच्या नियमनाची चौकट मांडली. ती चौकट वाचलेला डेलिगेट समितीत लगेच ओळखू येतो.

भारत मिळाला तर मानवी क्लोनिंगवर बंदी घाला असं सांगणाऱ्या जाहीरनाम्यावरचं संयुक्त राष्ट्रांचं २००५ चं मतदान पाहा: ८४ बाजूने, ३४ विरोधात, ३७ तटस्थ. भारत विरोधात होता, कारण उपचारासाठीच्या संशोधनाची वाट बंद व्हायला नको होती. देशाने आधी कुठे मत दिलंय, ही तयारीतली सर्वांत भक्कम गोष्ट.

हजेरीला 'प्रेझेंट अँड व्होटिंग' म्हटलं तर शेवटी तटस्थ राहता येत नाही. मी तसंच म्हटलं होतं. मतदानाआधी आमचा तिसरा क्लॉज मोठ्याने वाचला गेला: प्रत्येक नवजात बाळाची सिकल सेल तपासणी, आणि हायड्रॉक्सीयुरिया गावाजवळच्या आरोग्य केंद्रात. मी प्लॅकार्ड वर केलं.